कस्तुरी आंबा

हापूस, पायरी, रायवळ ही नावे तुम्हांला ठाऊकच आहेत. हे सारे आंब्याच्या एकाच जातीचे प्रकार होत. परंतु आंब्याच्या कुळात अशा साठांहून अधिक जाती असून त्यांपैकी पुष्कळ जातींचे माहेर आग्नेय आशियात आहे.

बोर्निओ बेटावर इंडोनेशियाचा दक्षिण कालीमंतान नावाचा प्रांत आहे. तेथे कस्तुरी नावाचा आंबा होतो. फळ लहानसे, पिकले म्हणजे त्याची साल जांभळट काळी होते. आतील गर केशरी, धागेदार व मधुर असतो. सुगंध तर असा, की त्यावरूनच त्यास हे नाव मिळाले. महाराष्ट्राने आंब्यास राज्यवृक्षाचा मान दिला आहे. तसाच मान त्या प्रांताने कस्तुरीस दिला आहे.

असे असूनही, संकटात सापडलेल्या जीवजातींच्या ‘लाल यादी’त आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने १९९८ साली कस्तुरीची नोंद ‘रानातून नष्ट’ अशी केली. फळ अजून मिळते, मग वृक्ष नष्ट कसा झाला, असे तुम्ही विचाराल. जंगले तुटली, त्यांबरोबर रानातील कस्तुरीही गेली. उरली ती केवळ गावोगावच्या परसांत व बागांत माणसांनी लावलेली झाडे. रानातील वृक्ष आपला वंश आपणच वाढवितो. परसातील वृक्षाचे आयुष्य मात्र धन्याच्या इच्छेवर अवलंबून असते. जागा विकली किंवा घर वाढविले, की त्यावर कुऱ्हाड पडते.

गहू-ज्वारीचे बी वाळवून पुष्कळ काळ साठविता येते. आंब्याची कोय मात्र पार वाळली, की तिच्यातील जीव जातो. म्हणून उभे झाड हेच आंब्याचे कोठार होय. कलम बांधून झाड राखता येते, हे खरे. परंतु एकाच झाडाची शंभर कलमे केली, तरी त्यांत गुण त्या एकाचेच उतरतात. यासाठी निरनिराळ्या झाडांची कलमे करून ती अनेक ठिकाणी लावली पाहिजेत.

कस्तुरी दूर देशीची खरी. पण तिची कथा आपणांस परकी नाही. आपल्या गावचे रायवळ आंबे कोयीपासून वाढलेले असतात; म्हणून एकाची चव दुसऱ्यास नसते. कोणास साखऱ्या म्हणतात, कोणास खोबऱ्या, तर कोणास शेप्या. असे एखादे जुने झाड कलम न करताच तोडले, तर त्याची चव कायमची नाहीशी होते. तेव्हा कुऱ्हाड उचलण्यापूर्वी निदान एक कलम बांधावे, हे बरे.