भांडणाची खबर पाण्यातून

घोडेगावावरून वाहणारी घोड नदी पुढे भीमेला मिळते. त्याच भीमेवरच्या उजनीतली चिलापी पुणे जिल्ह्याच्या बाजारांत सगळ्यांच्या ओळखीची आहे. चिलापी म्हणजे मोझांबिक तिलापिया. 1952 साली ती भारतात आणली गेली, तळ्यांतून निसटली आणि नद्यांत पसरली. टाकीत नकोसा झालेला मासा घोडेत सोडू नये तो याचसाठी. घरच्या टाकीतले ऑस्कर, एंजल, फ्लॉवरहॉर्न आणि मलावी सरोवरातले निळे-पिवळे मासे चिलापीचेच भाऊबंद. सगळे सिक्लिड कुळातले, आणि बहुतेक सगळे जागेवरून भांडणारे.

विणीच्या काळात चिलापीचा नर काळाकुट्ट पडतो, तळातली वाळू तोंडाने उचलून बशीसारखा खड्डा करतो आणि तो राखत बसतो. दुसरा नर जवळ आला की पर ताठ होतात, कल्ल्यांची झाकणं फुगतात. याच वेळी तो साठवून ठेवलेली लघवी थोडी थोडी सोडतो. पोर्तुगालमधल्या संशोधकांनी दाखवलं आहे की, त्या वासावरून समोरच्याला हा वरचढ असल्याचं कळतं. पुष्कळदा तो तिथूनच मागे फिरतो आणि मारामारी टळते.

नदीत हरलेला मासा पळून जातो. दोन फुटी टाकीत तो पळणार कुठे? म्हणून मार खाणारा कोपऱ्यात, फिल्टरच्या मागे, फाटक्या शेपटीने दडून राहतो.

अशा वेळी सगळं पाणी बदलून टाकावंसं वाटतं. पण ब्राझीलमधल्या संशोधकांनी 2008 साली नाइल तिलापियावर केलेल्या प्रयोगात, जास्त पाणी बदललेल्या टाक्यांत हल्ले वाढले. पाण्यात मुरलेली ओळख धुऊन गेली की कोण वरचढ, हे मासे नव्याने ठरवायला लागतात.

मग पाणी बदलायचंच नाही का? तसंही चालत नाही. माशांच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया साचतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि नंतर नायट्रेट करतात. नायट्रेट मात्र साचत जातं, ते पाणी बदलूनच कमी होतं. आपल्याकडे काळ्या खडकातल्या बोअरचं पाणी बऱ्याचदा जड असतं. मलावीच्या माशांना ते मानवतं. पण अशा पाण्याने टाकीचा सामू (pH) 7 वरून 8 वर गेला, तर एकूण अमोनिया तेवढाच असूनही त्यातला विषारी भाग जवळपास दहापट होतो. नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर असेल तर ते दिवसभर उघड्या बादलीत ठेवावं, नाहीतर क्लोरीन माशांचे कल्लेही जाळतो आणि ते जिवाणूही मारतो.

म्हणून मी सांगेन, दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, एकदम रिकामी करू नका. टाकी उंच घेण्यापेक्षा लांब घ्या. मलावीच्या माशांत एका नरामागे तीन-चार माद्या ठेवा, म्हणजे सगळा मार एकटीवर पडत नाही. नवा मासा सोडण्याआधी दगड उचलून दुसरीकडे मांडा. जुन्या माशांच्या हद्दीही त्यामुळे मोडतात. दिवा बंद करा आणि मगच नव्याला पाण्यात सोडा.