टोमॅटोच्या रसात जपलेले गाव

दक्षिण इटलीतील अनेक कुटुंबांत ऑगस्ट महिना ‘पासाता’चा असतो. पासाता म्हणजे वर्षभरासाठी साठविलेला टोमॅटोचा गाळीव रस. आपल्याकडे उन्हाळ्यात पापड-कुरडयांसाठी सारे घर राबते, तशा तेथे तीन पिढ्या अंगणात जमतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः १९५० ते १९७० या काळात, दक्षिणेतील असंख्य कुटुंबे रोजगारासाठी तुरिन, मिलान या उत्तरेकडील शहरांत गेली. त्यांची मुले-नातवंडे सुटीत गावी येतात. टोमॅटो धुवायचे, उकडायचे, यंत्रातून काढून साल आणि बिया वेगळ्या करायच्या. प्रत्येक बाटलीत बेसिलचे पान घालण्याचे काम लहानांचे. मग बाटल्या मोठ्या हंड्यात रचतात, आपटून फुटू नयेत म्हणून मध्ये जुनी फडकी कोंबतात आणि उकळतात.

काम चालू असता आजीच्या तोंडून गावची बोली, पूर्वजांची नावे, घर सोडल्याच्या हकीकती मुलांच्या कानी पडतात. परतताना बाटल्याही उत्तरेस जातात. हिवाळ्यात पास्त्याबरोबर गावाची चव ताटात येते.

डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीतील बैठकीत युनेस्कोने इटालियन पाकपरंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्याच बैठकीत आपल्या दीपावलीलाही. मात्र तयार रस दुकानातही मिळतो, आणि मुले गावी आली नाहीत तर अंगणातला हंडा चढत नाही. व्यापारासाठी मूळ गाव सोडलेल्या आपल्या घरांना हे निराळे सांगावयास नको. लहान हातांना काम दिले, तरच वारसा पुढे जातो.