एका घरांत दोन आवाज

करमाळ्याच्या आमच्या घरीं दिवेलागण झाली, मुलांची शुभंकरोति आटोपली, कीं सर्व मंडळींनीं दिवाणखान्यांत जमावें आणि बातम्या ऐकाव्या, हा मामंजींनीं घालून दिलेला परिपाठ. गेल्या दिवाळीपासून मात्र ते त्या वेळीं ओट्यावर जाऊन बसूं लागले. विचारलें तर म्हणत, "आतां बातम्यांत गोडी राहिली नाहीं." घरांतील वडील माणूस ऐन संध्याकाळीं बाहेर एकटा बसतो, ही गोष्ट सासूबाईंच्या मनाला फार लागली.

त्याच दिवाळींत धाकट्या भावजींनीं दूरदर्शनसंचासाठीं हौसेनें साउंडबार आणला होता. घरांत आधींचा एक ब्लूटूथ स्पीकर होता. मामंजींना कमी ऐकूं येतें म्हणून तो त्यांच्या खुर्चीमागें ठेवला. पुष्कळ संचांत नसते, पण आमच्या संचांत दोहोंकडे एकदम आवाज पाठविण्याची सोय होती. आवाज दुप्पट झाला आणि शब्द हरवले! तरुण कानांना जो नुसता घुमारा वाटला, त्यानें वृद्ध कानांना पार गोंधळून टाकलें.

याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. ब्लूटूथमध्यें आवाज आधीं आवळून लहान करतात, मग हवेंतून पाठवितात, पलीकडे उलगडून थोडा सांठवितात आणि नंतर वाजवितात. या खटाटोपांत सेकंदाचा दहावा भाग, पुष्कळदां त्याहूनहि अधिक वेळ, सहज जातो. तेवढ्यांत ध्वनि सुमारें ३४ मीटर चालून जातो. श्रीकमलादेवीच्या यात्रेंत दुरून पाहतांना ढोलावर टिपरी पडलेली आधीं दिसते आणि नाद मागाहून येतो, तोच हा प्रकार. खुर्चीमागचा स्पीकर हाताच्या अंतरावर खरा, पण ऐकण्याच्या हिशेबानें तो गल्लीच्या टोकाशीं उभा होता.

दोन आवाजांतील अंतर अगदीं थोडें असेल तर कान त्यांना एकच मानतो. जर्मन संशोधक हेल्मुट हास यांचा यावरील निबंध १९५१ सालीं प्रसिद्ध झाला. बोलण्याच्या बाबतींत हें अंतर सेकंदाच्या विसाव्या भागापलीकडे गेलें, कीं प्रतिध्वनि निराळा जाणवूं लागतो. साउंडबारलाहि तितकाच मागें ओढावा, तर दोन्ही आवाज जुळतात. पण मग चित्रांतले ओठ पुढें आणि शब्द मागें!

आम्ही उपाय केला तो असा. बोलण्याच्या कार्यक्रमाला एकच मुख: साउंडबार. तो कपाटाच्या खणांतून काढून संचापुढें, फळीच्या अगदीं कडेला ठेवला. संचाशीं तो एचडीएमआय एआरसी या तारेच्या मार्गानें जोडला. ही सोय २००९ पासून निघाली आहे. खर्जाचा जोर कमी केला, कारण शब्द ओळखूं येतात ते बव्हंशीं व्यंजनांच्या बारीक, उंच ध्वनींमुळें, आणि खर्ज त्यांना झांकून टाकतो. संवाद स्पष्ट करण्याची कळहि चालू केली. मागील बाजूस स्पीकर हवेतच, तर त्या साउंडबारच्या जोडीला म्हणून बनविलेले घ्यावे. त्यांची वेळ साउंडबारच सांभाळतो. मात्र बिनतारी म्हटले तरी त्यांतील बहुतेकांना विजेची तार लागतेच, हें भिंतीला भोंकें पाडण्यापूर्वीं ध्यानांत असूं द्यावें.

संगीताची गोष्ट वेगळी. तेथें ओठांशीं मेळ घालावयाचा नसतो. वाय-फायवरील एका जातीचे स्पीकर येणारें संगीत क्षणभर सांठवून एकाच घड्याळाच्या ठोक्यावर वाजवितात. म्हणून माजघरांतून स्वयंपाकघरांत गेलें तरी तान तुटत नाहीं. निरनिराळ्या जातींचे स्पीकर घेण्यापूर्वीं ते एकमेकांशीं बोलतात कीं नाहीं, हें दुकानांतच वाजवून पाहावें.

कोणतेंहि यंत्र कानांच्या तपासणीची जागा घेऊं शकत नाहीं. तीहि आम्हीं यथावकाश करविली. परंतु ओट्यावरची खुर्ची आतां पुनः आंत आली आहे. परवां बातम्या सांगणाऱ्या बाईंनीं एका संस्कृत शब्दाचा उच्चार चुकविला, तो मामंजींनीं तत्काळ पकडला आणि सर्वांदेखत दुरुस्त करून सांगितला. सासूबाई स्वयंपाकघरांतूनच हंसल्या.