मोठं घर घेताना आधी वस्ती, मग खोल्या: नवी मुंबईचा नकाशा वाचायचा कसा?

मागच्या व्याख्यानानंतर तुमच्याकडून ज्या चिठ्ठ्या आल्या, त्यांतल्या निम्म्याअधिक जणू एकाच घरातून आल्या होत्या. आई-वडील, आपण दोघं, दोन मुलं आणि लग्नाचा धाकटा भाऊ. वनबीएचके आता पुरत नाही. नवी मुंबईत मोठं घर घ्यायचंय, तर कुठल्या नोडमध्ये बघावं?

हा प्रश्न आम्हाला परका नाही. सात माणसांचं कुटुंब घेऊन आम्हीही दोन वर्षं याच शोधात होतो. त्या फिरण्यातून एक गोष्ट कळली, ती आधीच सांगून टाकतो. घरात भिंत पाडता येते, खोली वाढवता येते, फरशी बदलता येते. वस्ती बदलता येत नाही. म्हणून खोल्या मोजण्याआधी वस्ती मोजायची, आणि तीही घरातलं जे माणूस सगळ्यात कमी फिरू शकतं, त्याच्या पावलांनी.

नवी मुंबई हे एक गाव नाही

थोडा इतिहास लागेल. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली 'मार्ग' या नियतकालिकातून खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ९५ गावांची मिळून सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जागा ठरली. शहराला एकच मध्य ठेवायचा नाही, तर रेल्वे आणि रस्त्याच्या कडेने वेगवेगळे नोड वसवायचे, प्रत्येकाचा बाजार, शाळा, बाग त्याच्या त्याच्याजवळ, असा तो आराखडा होता. वाशीपासून सुरुवात झाली.

आता व्यवहारातला भाग. आज या नकाशावर कारभार एकाच्या हातात नाही. दिघ्यापासून बेलापूरपर्यंतचा पट्टा नवी मुंबई महापालिकेचा. ती १ जानेवारी १९९२ पासून आहे. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे पनवेल महापालिकेत. ती १ ऑक्टोबर २०१६ ला झाली. उलवे, द्रोणागिरी इथं अजून सिडकोच. जाहिरातीत मात्र सगळ्यांवर 'नवी मुंबई' एवढंच लिहिलेलं असतं. म्हणून कुठल्याही वस्तीत पाय ठेवला की तीन प्रश्न विचारायचे: इथली जमीन कोणाची, इथलं पाणी कोणाचं आणि इथून रोज चालत कुठवर जाता येतं?

पहिला प्रश्न: जमीन

सिडकोची जमीन साधारणपणे साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली असते. म्हणजे घर तुमचं, खालची जमीन भाडेपट्ट्याची. त्यामुळे जुना फ्लॅट किंवा रो-हाऊस घेताना पट्ट्याची किती वर्षं संपली, मागचं प्रत्येक हस्तांतरण सिडकोच्या दप्तरी नोंदलं गेलं का आणि ट्रान्सफर चार्जेस कोण भरणार, हे टोकन देण्याआधी विचारायचं. मधलं एक हस्तांतरण नुसत्या मुखत्यारपत्रावर झालेलं असलं, तर त्याचा निस्तार शेवटच्या खरेदीदाराला, म्हणजे तुम्हाला, करावा लागतो.

दुसरा प्रकार साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांचा. ज्यांच्या शेतजमिनी या शहरासाठी गेल्या, त्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. आज अनेक नोडमधल्या मध्यम उंचीच्या इमारती अशा भूखंडांवर उभ्या आहेत. त्यात वावगं काही नाही. पण एका सातबाऱ्याचे वारस बरेच असतात. सगळ्या वारसांच्या सह्या आहेत का, सिडको, मूळ लाभधारक आणि विकासक यांच्यातला त्रिपक्षीय करार झालाय का, हे वकिलाकडून तपासून घ्यायचं.

तिसरा प्रकार गावठाण आणि त्याच्या आजूबाजूचा. इथं जरा थांबू या, कारण मोठ्या कुटुंबाला सगळ्यात जास्त मोह इथंच पडतो. त्याच बजेटमध्ये दोन खोल्या जास्त मिळतात. गावातल्या कुटुंबांनी वाढत्या माणसांसाठी बांधलेली 'गरजेपोटीची घरं' हा एक प्रश्न, आणि परवानगी न घेता चार-पाच मजले चढवून बाहेरच्यांना विकलेल्या इमारती हा वेगळा. दिघ्याचं प्रकरण आठवा. तिथल्या ९९ बेकायदा इमारतींचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि २०१५ मध्ये पाडकामाचे आदेश निघाले. आत राहणाऱ्यांनी पैसे मोजले होते, संसार मांडले होते. एखाद्या इमारतीला बँका कर्ज देत नाहीत असं कळलं, तर एजंट म्हणेल, 'रोखीत स्वस्त पडतं.' तिथूनच परत फिरा. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, दाखवा म्हणायला लाजू नका.

दुसरा प्रश्न: पाणी

पाण्याचे दोन भाग आहेत, येणारं आणि जाणारं.

येणारं आधी. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःच्या मालकीचं धरण आहे, खालापूर तालुक्यातलं मोरबे. सगळ्या शहरांना हे भाग्य नसतं. खारघर, उलवे, द्रोणागिरी या बाजूला मुख्यतः पेण तालुक्यातल्या हेटवण्याचं पाणी येतं, आणि तिथं वस्ती नळापेक्षा वेगानं वाढली. दोन माणसांच्या घरात पाण्याची एक वेळ चुकली तर भागतं. सात माणसांच्या घरात सकाळचे नऊ वाजेपर्यंत भांडण पेटतं! म्हणून एक सोपा उपाय. ज्या सोसायटीत घर बघताय, तिच्या हिशेबात एप्रिल-मे महिन्यांचा टँकरचा खर्च किती, ते विचारा. सेक्रेटरी टाळाटाळ करत असतील तर वॉचमनला विचारा. खरं उत्तर बहुधा तिथंच मिळतं.

आता जाणारं पाणी. खाडीकडेच्या बऱ्याच सेक्टरची जमीन भराव घालून केलेली आहे आणि भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा काही जागा खाली आहेत. पावसाचं पाणी भरतीच्या वेळी समुद्रात जाणार कसं? त्यासाठी सिडकोने धारण तलाव, म्हणजे होल्डिंग पाँड, केले. भरती आली की झडपा बंद होतात आणि नाल्यांचं पाणी तलावात साठतं. ओहोटी लागली की झडपा उघडतात आणि ते खाडीत जातं. वाशीचं मिनी सीशोअर, जिथं आपण संध्याकाळी फिरायला जातो, तेही मुळात असंच तळं. पण या तळ्यांत गाळ साचला, तिवरं वाढली. तिवरांना कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे गाळ काढायचा तर परवानग्या लागतात. तळ्याची पोटं लहान झाली की मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आल्यावर पाणी रस्त्यावर थांबतं.

मग करायचं काय? घर डिसेंबरात बघितलं असलं तरी व्यवहार शक्यतो जुलै बघून करा. मोठ्या भरतीच्या दिवशी, पाऊस धो धो पडत असताना त्या गल्लीत जाऊन उभे राहा. तेवढं थांबता येत नसेल तर तळमजल्यावरच्या दुकानदाराला विचारा, 'शटरच्या आत पाणी कुठवर आलं होतं?' तो हात लावून दाखवतो. रो-हाऊस घेणाऱ्यांनी तर हे टाळूच नये, कारण आई-वडिलांची खोली तळमजल्यावर असणार.

तिसरा प्रश्न: चालणं

आमची फजिती इथं झाली. एका नव्या नोडमध्ये चार बेडरूमचा फ्लॅट आम्हाला फार आवडला. रविवारी दुपारी एजंटच्या गाडीतून गेलो होतो. समोर डोंगर, भरपूर उजेड, मुलांनी तर खोल्या वाटूनही घेतल्या. घरी आल्यावर आजी म्हणाल्या, 'एकदा मला ट्रेननं नेऊन दाखवा.' मंगळवारी निघालो. स्टेशनबाहेर शेअर रिक्षाची रांग, पुढे हायवे, त्यापुढे बराच वेळ मोकळे प्लॉट. इमारतीपाशी पोचल्यावर आजींनी एकच विचारलं, 'कोथिंबीर कुठं मिळते?' उत्तर होतं, ॲपवर. मग म्हणाल्या, 'म्हणजे मी दिवसभर गॅलरीतच बसायचं.'

तो फ्लॅट आम्ही सोडला. वाईट होता म्हणून नव्हे. ज्या घरात गाडी चालवणारी चार माणसं आहेत, त्यांना तो उत्तम. पण आमच्या सातांतली तीन माणसं गाडी चालवत नाहीत. मोठं कुटुंब म्हणजे रोज सात दिशांना जाणारी माणसं. कमावती माणसं लांबचं अंतर कसंही कापतात. ज्येष्ठांना आणि मुलांना मात्र दहा मिनिटांच्या चालण्यात भाजी, दवाखाना, बाग आणि शाळा किंवा क्लास लागतो. नकाशावर सरळ रेघ मारून अंतर मोजू नका. पाम बीच किंवा सायन-पनवेल हायवे मध्ये असेल, तर समोर दिसणारं दुकानसुद्धा आजीसाठी लांबच असतं.

'येणार आहे' याची किंमत

नव्या नोडमध्ये घर विकताना एक शब्द फार वापरतात: 'येणार आहे'. मेट्रो येणार आहे, विमानतळ येणार आहे. खोटं नसतं ते. येतंच. फक्त कधी, हे बघा. बेलापूर ते पेंधर मेट्रोचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ ला. त्या वर्षी पहिलीत गेलेलं मूल शाळा संपवून बाहेर पडलं. उरणची रेल्वे २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत आली आणि उरणला पोचली जानेवारी २०२४ मध्ये. विमानतळाला २००७ साली तत्त्वतः मंजुरी मिळाली, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. अटल सेतूने उलव्याचं मुंबईपासूनचं अंतर खरोखर कमी केलं, पण ते गाडीवाल्यांसाठी. सेतूवर दुचाकी किंवा रिक्षा जात नाही.

गुंतवणूक करणारा बारा वर्षं थांबू शकतो. पंच्याहत्तरीच्या आजोबांना ते कसं सांगणार? म्हणून आम्ही एक नियम केला. आज जे चालू आहे तेवढंच मोजायचं. पुढे येईल ते बोनस.

एक वेगळी वाट

'जुन्या नोडमध्ये मोठं घर परवडत नाही,' ही तक्रार खरी आहे. पण मोठं घर एकाच दारामागे असलं पाहिजे का? कोरियांनी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये १९८० च्या दशकात घरं आखली, ती सात-सात घरं एका अंगणाभोवती. दोन घरांत सामाईक भिंत ठेवली नाही, कारण कुटुंब वाढलं की ज्याला त्याला आपलं घर वाढवता यावं. एकत्र राहायचं तर अंगण एक असलं की पुरतं, हा त्यातला धडा आम्ही घेतला. शेवटी नेरूळमध्ये एकाच सोसायटीत, एकाच विंगमध्ये दोन लहान फ्लॅट घेतले. एक पहिल्या मजल्यावर आजी-आजोबांसाठी, एक चौथ्यावर. स्वयंपाक एक, टीव्ही दोन.

तोटेही सांगायला हवेत. मेंटेनन्सची दोन बिलं येतात. इमारत जुनी आहे, पुनर्विकासाच्या बैठका सुरू झाल्यात आणि तेव्हा भाड्याच्या घरात जावं लागेल. शेजारचे दोन फ्लॅट मिळाले आणि मधली भिंत पाडायची असेल, तर सोसायटीची नि महापालिकेची परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला आधी घ्या. कॉलम-बीमला हात लावायचा नाही.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

*नव्या नोडमध्ये घ्यायचंच नाही का?* तसं मुळीच नाही. मुलं लहान, आई-वडील धडधाकट आणि कामाचं ठिकाण त्याच बाजूला असेल, तर खारघर किंवा उलव्यात मिळणारी मोकळी हवा आणि जागा मोलाची आहे. फक्त बांधकाम चालू असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून ताब्याची तारीख आणि कार्पेट क्षेत्रफळ स्वतः वाचा. आणि तळोजा किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांच्या जवळ बघत असाल, तर एकदा रात्री अकरानंतर जाऊन हवेचा वास घ्या.

*घरात एकमत होत नसेल तर?* मग एक रविवार आणि एक कामाचा दिवस, दोन्ही वेळा सगळ्यांनी मिळून जा. एजंटशिवाय, ट्रेननं. आणि शेवटचा शब्द त्या वस्तीत ज्याला दिवसाचे चोवीस तास काढायचे आहेत, त्याला द्या. आमच्या घरी तो आजींचा होता. कोथिंबीर खाली कोपऱ्यावर मिळते.