अष्टौनिंदितीय अध्याय आणि आत्मनिंदा

गतवर्षी रोवणीच्या दिवसांत आमच्या चिकित्सालयात एकाच सकाळी दोन रुग्णा आल्या. एक चंद्रपूरच्या कोळसाखाण वसाहतीतील महाविद्यालयीन तरुणी, दुसरी गडचिरोलीतील धानोरा भागातील माता. पहिलीला लठ्ठपणाची लाज. दुसरीला ‘हाडांचा सापळा’ म्हणून हिणवले जाई. पहिली दिवसभर उपाशी राही व रात्री चोरून फरसाण खाई. दुसरी सर्वांना वाढून उरलेल्या भातावर मीठ घालून भागवी. दोघींच्या तोंडी वाक्य मात्र एकच, ‘माझंच चुकते.’

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल व अतिकृश यांची गणना आठ निंदितांत केली आहे. तो शब्द आमच्याही जिभेवर रुळलेला. खेदाने नमूद करतो, त्या तरुणीस पहिल्याच भेटीत आम्ही वजनावरून चार शब्द सुनावले. ती चार महिने फिरकली नाही; आली तेव्हा वजन वाढलेलेच होते.

येथे एक आक्षेप संभवतो. त्याच अध्यायात स्थौल्यावर व्यायाम व प्रजागरासह चिंतनही सांगितले आहे. मग रुग्णाने स्वतःला बोल लावला तर बिघडले कुठे? आमच्या मते चिंतन वेगळे, चिंता वेगळी. चिंता, शोक, भय, क्रोध यांमुळे मात्रेत घेतलेले पथ्यान्नही जिरत नाही, हे विमानस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात स्पष्ट आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये स्वतःविषयीच्या करुणेचे मापन करणारी प्रश्नावली प्रसिद्ध केली. वैद्याच्या चतुर्विध वृत्तीत आर्ताविषयी कारुण्य आपण शिकतोच. रुग्ण स्वतःही आर्तच असतो, तर ते त्याने स्वतःकडे का वळवू नये?

तरुणीला आम्ही दर भेटीत काट्यावर उभे करणे सोडले. रात्री खाणे झाले तरी दुसऱ्या दिवशी उपास करायचा नाही. सकाळी ज्वारीची भाकर व वरण घ्यायचेच, एवढी एकच अट घातली.

या भागात सिकलसेल आढळतो, म्हणून मातेची रक्ततपासणी आधी करून घेतली. ती निर्दोष निघाली. ‘आधी स्वतः जेव’ हा उपदेश तिच्या घरात चालणारा नव्हता. सासूबाईंनाच बोलावले. सुनेचे ताट आपल्या ताटाशेजारी मांडण्याचे त्यांनी कबूल केले. अंबाडीची भाजी, जवसाची चटणी घरचीच होती.

तरुणीचे वजन अद्याप फारसे उतरलेले नाही, रात्रीचे चोरून खाणे मात्र थांबले आहे. माता यंदाची रोवणी आटोपल्यावर येते म्हणाली आहे, सासूबाईंसह.