शर्यतीच्या मोटारीतले मेथेनॉल

मळीपासून स्पिरिट निघते हे आपणांस ठाऊक आहेच. ते इथेनॉल. अमेरिकेत पाव मैलाच्या सरळ पट्ट्यावर मोटारी पळवतात, त्याला ड्रॅग रेस म्हणतात. त्यातल्या काही मोटारी मेथेनॉलवर चालतात. नावे भावाभावांसारखी, पण हा भाऊ जालीम विष! पोटात गेला तर डोळे जातात, जीवही जातो. बहुतेक मेथेनॉल नैसर्गिक वायूपासून करतात.

मग ते वापरतात कशाला? वाफ होताना मेथेनॉल किलोमागे पेट्रोलच्या सुमारे तिप्पट उष्णता ओढून घेते. त्यामुळे इंजिन थंड राहते व जादा दाब सोसते. मात्र ते लागते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक.

घेताना शुद्धता पाहावी. २० अंश सेल्सियसला शुद्ध मेथेनॉलची घनता ०.७९२ भरते; आकडा वर गेला की पाणी शिरले समजा. कारण ते हवेतले पाणी पिते. म्हणून पिंपाचे बूच घट्ट हवे, अर्धे पिंप फार दिवस ठेवू नये. शर्यत संपली की टाकी रिकामी करून पंपातून थोडे पेट्रोल फिरवतात. नाहीतर ॲल्युमिनियमवर पांढरा थर धरतो, बारीक भोके बुजतात, इंधन कमी पडून पिस्टन जळतो.

उन्हात याची ज्योत दिसत नाही. आग भरपूर पाण्याने विझते.

तेव्हा "स्पिरिट ते स्पिरिटच" असे कोणी म्हणाले, तर ऐकू नका. पिंपावरची पाटी आधी वाचा.