हिवाळी स्वारी (भाग ७) : दरीतला गारठा आणि छातीवरचा पेपर

मागच्या भागात आपण गाडी लडाखमधल्या खारदुंगला खिंडीच्या पायथ्याशी उभी केली होती. गोठलेल्या ओढ्यावरून ती पलीकडे कशी काढायची, हे आज सांगणार होतो. पण ती आणखी एक आठवडा तिथेच राहू द्या. परतवाड्याच्या एका वाचकाचा प्रश्न आला आहे आणि तो इतका नेमका आहे की त्याला बाजूला सारून लडाखला जाणं मला जमेना.

ते लिहितात : चिखलदऱ्याहून सकाळी तांबडं फुटल्यावर सेमाडोहकडे निघालो. वर गावात थंडी होती, पण सोसवत होती. खाली सिपना नदीच्या अंगाला आलो तर क्लचवर बोटं वळेनात. उंचावर थंडी जास्त असते ना? मग उतरताना ती वाढली कशी?

शाळेत शिकलेलं खोटं नाही. दर हजार मीटर चढलं की साधारण साडेसहा अंशांनी हवा गार होते, आणि चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास आहे. पण हा हिशेब वारा वाहता असेल तेव्हाचा, किंवा दुपारचा. डिसेंबर-जानेवारीच्या निरभ्र, निवांत रात्री तो उलटतो. ढगांचं पांघरूण नसल्यामुळे जमीन दिवसभराची ऊब आकाशाकडे टाकून देते. जमिनीला टेकलेली हवा थंड होते, जड होते आणि पाण्यासारखी उतार शोधत खोलगट भागात साचते. डोंगरमाथ्यावरची हवा घरंगळून खाली गेली की तिच्या जागी वरची, थोडी उबदार हवा येते. म्हणून माथा सुसह्य आणि दरी गारठलेली. त्यातही पारा सर्वांत खाली जातो तो सूर्य उगवायच्या सुमाराला, म्हणजे आमचे वाचक जेव्हा उतरत होते नेमका तेव्हा.

खात्री करून घ्यायची तर महाबळेश्वर आठवा. तिथे दव गोठल्याची बातमी दरवर्षी कुठून येते? बाजारपेठेतून नाही, वेण्णा तलावाकडून आणि लिंगमळ्यातून. दोन्ही जागा गावापेक्षा खाली आहेत. त्या दिवशी वर्तमानपत्रात पारा चार-पाच अंश छापलेला असतो आणि लोक म्हणतात, मग बर्फ कसा? वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंच, झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो. गवताचं पातं त्याच्या खाली उघड्यावर असतं आणि ते शून्याखाली गेलेलं असतं. मोटारसायकलवाल्याचे पाय या दोघांच्या मधे कुठेतरी.

यासाठी चिखलदरा-सेमाडोहचा मेळघाटच हवा असंही नाही. अकोल्याहून अकोटला जाताना गांधीग्रामजवळ रस्ता पूर्णेच्या पात्राशी आला की पँटमधून गारवा शिरतो. पलीकडच्या काठावर चढलं की सुटका. सकाळच्या प्रवासात नाला, नदी, ओलिताचा गहू-हरभरा या जागा आधीच ओळखून ठेवाव्यात. तिथे धुकंही साचतं. आणि कापसाच्या हंगामात त्या धुक्यात मागचा दिवा नसलेली, दोन्ही अंगांनी फुगलेली ट्रॉली असते. बर्फ न पडणाऱ्या वऱ्हाडात हिवाळ्याचा खरा धोका मला हाच वाटतो.

आता या गारठ्याचा दुसरा अर्धा भाग : वारा. अंटार्क्टिकात पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या दोघांनी १९४०च्या सुमारास एक साधा प्रयोग केला. प्लॅस्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून वाऱ्यात टांगायचं आणि ते गोठायला किती वेळ लागतो ते मोजायचं. वाऱ्यात अंगाला जाणवणाऱ्या थंडीची कोष्टकं तिथून सुरू झाली. अमेरिका आणि कॅनडाने २००१मध्ये ती नव्याने बांधली. त्या नव्या सूत्रात आकडे घातले तर १० अंशांच्या हवेत ताशी २० किलोमीटरच्या वाऱ्याला साधारण साडेसात अंश जाणवतात, ४०ला सहा, ८०ला साडेचारच्या आत-बाहेर. म्हणजे पहिल्या वीसलाच बराच फटका बसतो, पुढे वाढ मंदावते. (यात इंजिनाचं काही जात नाही. हवा १० अंशांची असेल तर वाऱ्याने टाकी १० अंशांच्या खाली उतरणार नाही. ऊब निर्माण करतं ते अंगच, आणि गमावतंही तेच.)

लोणी ते माना हा अमरावती-अकोला महामार्गाचा पट्टा आठवतो ना? जून २०२२मध्ये तिथे ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज विक्रम झाला. त्याआधी त्या रस्त्यावर खड्डे चुकवत जे पस्तीस-चाळीसने रखडत जायचे, ते आता सत्तर-ऐंशीने जातात आणि म्हणतात, यंदा थंडी जास्त आहे. कोष्टक म्हणतं, दीड अंशाचा फरक. पण माणूस म्हणतो, दीड नाही हो, दुप्पट! यात माणूस बरोबर आहे, कारण कोष्टक उघड्या गालासाठी आहे. कपडे घातलेल्या माणसाचा प्रश्न वेगळा : वारा कपड्यातून आत घुसतो की नाही. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग चाळीसचा ऐंशी झाला की दाब चौपट. चाळीसला जे स्वेटर पुरत होतं, त्याची वीण ऐंशीला चाळणी होते.

हे मला कोणी शास्त्रज्ञाने नाही, बडनेऱ्याच्या बाजूच्या एका दूधवाल्याने शिकवलं. चहाच्या टपरीवर त्याने शर्टाची बटणं उघडली तर आत छातीवर आदल्या दिवशीचा पेपर, घडी घालून. माझ्या जाड लोकरी स्वेटरकडे बघून तो म्हणाला, ‘‘भाऊ, सेटर बाहेरून घातलं त काय फायदा? हवा त आरपार जाते नं!’’ लोकर ऊब देते ती तिच्या धाग्यांत अडकलेल्या स्थिर हवेमुळे. ती हवा वाऱ्याने उडवून नेली की लोकर नुसतं वजन. म्हणून वारा न शिरणारा थर बाहेर आणि लोकर आत. महागड्या जॅकेटची गरज नाही. स्वेटरवर पावसाळ्यातला रेनकोट घाला, गळ्याशी मफलरने फट बुजवा. रेनकोट नसेल तर पेपर. सायकल शर्यतीतले लोकही डोंगर उतरण्याआधी जर्सीत वर्तमानपत्र कोंबत आले आहेत. आमच्या दूधवाल्याने ते कुठे वाचलं असेल असं मात्र वाटत नाही.

बोटांचं दुखणं मात्र हातांपासून सुरू होत नाही. धड गार पडायला लागलं की शरीर हृदय-फुफ्फुसांकडे ऊब राखून ठेवतं आणि बोटांकडचा रक्तपुरवठा आखडतं. त्यामुळे छाती उघडी टाकून हातमोज्यांवर पैसे घालवणाऱ्यांना मी नेहमी उलटं करायला सांगतो. आधी छाती आणि मान, मग मोजे. मोजे घट्ट नकोत. एकावर एक दोन चढवून बोटं आवळली तर उरलंसुरलं रक्तही थांबतं. हँडलवर बसणारी कापडी कव्हरं दिसायला बोजड, पण वारा अडवण्यात त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. फक्त त्यात हात घालून ब्रेक आणि हॉर्न चाचपडावे लागत नाहीत ना, हे गाडी उभी असताना पाहून घ्या. बधिर बोटांनी ब्रेक उशिरा दाबला जातो, आणि साठच्या वेगाला एका सेकंदात गाडी सोळा-सतरा मीटर पुढे गेलेली असते.

स्कूटरवाल्यांनी इथे स्वतःला नशीबवान समजावं. पुढचा पत्रा गुडघ्यांवरचा वारा अडवतो. मोटारसायकलवर गुडघे थेट वाऱ्याला भिडतात आणि तिथे चरबीचं अस्तर नावालाच असतं. गुडघ्यांवर पँटच्या आतून तोच पेपर चालतो.

‘घाट उतरण्याआधी एक घोट’ हा सल्ला देणारेही प्रत्येक गावात असतात. दारू पिऊन गाडी चालवणं कायद्याने गुन्हा आहेच, पण तो गुन्हा नसता तरी हा सल्ला चुकीचाच ठरला असता. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या पसरतात, ऊब वाटते ती त्यामुळे, आणि तीच ऊब वाऱ्यावर निघून जाते. कुडकुडणं हे शरीराचं इंजिन चालू असल्याचं लक्षण. भयंकर गारठ्यात ते ऊब न मिळता आपोआप थांबलं, बोलणं अडखळायला लागलं, माणूस ‘आता बरं वाटतंय’ म्हणाला, तर गाडी तिथेच थांबवून त्याला कोरडे कपडे, आडोसा आणि ऊब द्यायची आणि दवाखाना गाठायचा. वऱ्हाडात अशी वेळ सहसा येत नाही. पावसात भिजून रात्रभर गाडी चालवणाऱ्यावर मात्र ती इथेही येऊ शकते.

हेल्मेटच्या काचेवर वाफ धरते अशी तक्रार बऱ्याच जणांची आहे. स्कार्फ नाकावरून घेतला की श्वास वर काचेकडे जातो. तो नाकाखाली घ्या, किंवा वरची कड नाकाच्या हाडाशी घट्ट बसवा. काच एका खाचेइतकी उघडी ठेवा. रात्री काचेला आतून कोरडा साबण हलकाच फिरवून मऊ फडक्याने पुसून काढा, सकाळभर पुरतो.